आठ बालके, सदतीस जनुके आणि सोळा टक्के

‘तीन पालकांची मुले’ ही शब्दयोजना जुलै २०२५ मध्ये पुन्हा एकदा जगभरच्या मथळ्यांत झळकली. निमित्त होते ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन शोधनिबंधांचे. मायटोकॉन्ड्रियाचे गंभीर दोष मुलांकडे जाण्याचा धोका असलेल्या सात स्त्रियांच्या पोटी आठ बालके जन्माला आली. त्यांत चार मुलगे, चार मुली आणि एकसारख्या जुळ्यांची एक जोडी होती. प्रत्येक बालकाच्या पेशींतील केंद्रकात आई-वडिलांचा डीएनए आहे. मायटोकॉन्ड्रियातील चिमुकला डीएनए मात्र जवळजवळ सर्व एका तिसऱ्या स्त्रीचा आहे.

मथळा आकर्षक असला तरी खरी बातमी त्यात नाही. ती एका आकड्यात आहे. जन्मलेल्या बालकांच्या रक्तात आईकडील सदोष डीएनएचे प्रमाण किती आढळले? पाच बालकांमध्ये त्याचा मागमूसही लागला नाही. उरलेल्या तिघांत तो थोडाफार सापडला आणि रक्तातील सर्वाधिक प्रमाण १६ टक्के भरले. शून्य आणि सोळा यांच्यामधील हे अंतर समजून घ्यायचे, तर आधी पेशीच्या आतील वीजघरात डोकावावे लागेल.

वीजघराचे गुपित

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांतील तंतुकणिका, ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ आहे हे वाक्य शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. पण हे केंद्र ऊर्जा निर्माण करते कसे, या प्रश्नावर जीवरसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाचा मध्य अक्षरशः भांडणात घालवला. ऊर्जेचे चलन कोणते, हे तोवर ठाऊक झाले होते. एटीपी नावाचा हा रेणू १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे वेगळा काढला. अन्नातील ऊर्जा या रेणूत साठवली जाते आणि स्नायू, मेंदू, हृदय तेथून ती खर्च करतात. प्रौढ माणसाचे शरीर दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतके एटीपी बनवते आणि मोडते. मात्र अन्नाचे ज्वलन आणि एटीपीची निर्मिती यांना जोडणारा दुवा कुणालाच सापडत नव्हता.

१९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचे उत्तर दिले. असा दुवा जोडणारा कोणताही रेणू नाहीच, असे त्याचे म्हणणे होते. कोयनेचे उदाहरण घेतले तर त्याची कल्पना चटकन ध्यानात येते. धरणात पाणी उंचावर साठवायचे, मग ते बोगद्यातून खाली सोडायचे आणि वाटेतल्या टर्बाइनने वीज निर्माण करायची. मायटोकॉन्ड्रियाच्या आतील पडद्यावर नेमके हेच घडते. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनसंकुलाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात आणि त्या ओघात प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूस उपसून ठेवले जातात. साठलेले प्रोटॉन परत येण्यासाठी धडपडतात. परतीची मुख्य वाट एका विलक्षण यंत्रातून जाते आणि तेथे एटीपी तयार होते. मिचेलच्या या सिद्धांताची आरंभी टिंगल झाली. प्रकृतीच्या तक्रारींमुळे एडिंबरा विद्यापीठ सोडून त्याने कॉर्नवॉलमधील एक पडीक वाडा दुरुस्त केला आणि तेथेच आपली छोटी प्रयोगशाळा थाटली. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला एकट्याला मिळाले.

टर्बाइनचा दाखला केवळ अलंकार नव्हता. अमेरिकेचे पॉल बॉयर यांनी हे यंत्र फिरत असावे असा तर्क केला होता. केंब्रिजच्या जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये त्याची रचना उलगडली. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या आसाला चमकणारा तंतू बांधून तो प्रत्यक्ष गरगरताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. बॉयर आणि वॉकर यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले. आपल्या प्रत्येक श्वासातील प्राणवायूचा मोठा वाटा या टर्बाइनमागचे धरण भरण्यातच खर्च होतो.

धरण गळके असेल तर काय होते, हे मिचेलचा सिद्धांत मान्य होण्याआधीच एका रुग्णाने दाखवून दिले होते. स्वीडनचे डॉक्टर रोल्फ लुफ्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एका स्त्रीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती भरपूर खात असे, तरी तिचे वजन वाढत नसे आणि अंगाला सतत घाम असे. थायरॉइड मात्र अगदी व्यवस्थित होते. तिच्या स्नायूंतील मायटोकॉन्ड्रिया इंधन जाळत होते, पण त्या प्रमाणात एटीपी बनत नव्हते. सारी ऊर्जा उष्णतेत वाया जात होती. मायटोकॉन्ड्रियाच्या दोषामुळे माणूस आजारी पडू शकतो, याची वैद्यकाला पटलेली ही पहिली साक्ष.

आईकडून येणारा वारसा

या वीजघराची अडचण अशी की त्याचा आराखडा दोन दप्तरांत विभागलेला आहे. मायटोकॉन्ड्रियातील हजाराहून अधिक प्रथिनांपैकी बहुतेकांची कृती पेशीच्या केंद्रकात असते. मात्र मायटोकॉन्ड्रियाजवळ स्वतःचाही एक छोटा, वर्तुळाकार डीएनए असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी १९८१ मध्ये त्याची सगळी, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार अक्षरे वाचून काढली. त्यात अवघी ३७ जनुके असून त्यांपैकी १३ प्रथिने बनवतात. ही तेराच्या तेरा प्रथिने वीजघराच्या गाभ्यात बसतात: पहिल्या संकुलात सात, तिसऱ्यात एक, चौथ्यात तीन आणि खुद्द टर्बाइनमध्ये दोन. साहजिकच यांतील एखादे अक्षर चुकले तरी फटका थेट ऊर्जानिर्मितीला बसतो आणि ज्यांना ऊर्जेची भूक अधिक ते अवयव आधी कोलमडतात. मेंदू, डोळे, हृदय, स्नायू आणि कान यांचा क्रम वरचा.

हा डीएनए केवळ आईकडून मिळतो. पित्याच्या शुक्रजंतूबरोबर आलेले मायटोकॉन्ड्रिया फलनानंतर नष्ट केले जातात. १९८८ मध्ये लंडनच्या इयान होल्ट, अनिता हार्डिंग आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांनी स्नायूंच्या विकारात, तर अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाने तरुण वयात अंधत्व आणणाऱ्या लेबर विकारात या डीएनएतील बिघाड दाखवून दिला. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांचे आधुनिक शास्त्र त्या वर्षी सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

एका स्त्रीबीजात या डीएनएच्या एक-दोन नव्हे, लाखांच्या घरात प्रती असतात. त्यांतील काही निरोगी, काही सदोष असू शकतात. अनेक दोषांच्या बाबतीत सदोष प्रतींचे प्रमाण साधारण ६० ते ८० टक्क्यांवर गेल्याशिवाय आजार डोके वर काढत नाही. आईच्या अंगी तीस टक्के दोष असेल आणि तिला फारसा त्रास नसेल; पण तिच्या एका स्त्रीबीजात पाच टक्के दोष उतरेल, तर दुसऱ्यात नव्वद. एक मूल धडधाकट, तर दुसरे ‘ली सिंड्रोम’ने वर्षा-दोन वर्षांत दगावलेले, असे एकाच घरात घडते ते या सोडतीमुळे. अशा घरांत आईला लावला जाणारा बोल किती अन्यायाचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

ज्या स्त्रियांच्या काही स्त्रीबीजांत दोष कमी असतो, त्यांच्यासाठी गर्भ रुजवण्याआधी तपासणी करून चांगला गर्भ निवडण्याचा मार्ग आहे. न्यूकॅसलनेही तो अनेकींना दिला. पण जिच्या सर्वच प्रती सदोष आहेत, तिच्यासाठी निवडायला काही उरतच नाही. नवी पद्धत आहे ती याच स्त्रियांसाठी.

आकडे काय सांगतात?

पद्धत ऐकायला सोपी आहे. आईचे आणि दात्या स्त्रीचे अशी दोन्ही स्त्रीबीजे पित्याच्या शुक्रजंतूंनी फलित केली जातात. मग दात्या स्त्रीच्या फलित बीजातील केंद्रकीय डीएनए बाहेर काढून टाकला जातो आणि त्या जागी आईच्या फलित बीजातील आई-वडिलांचा डीएनए बसवला जातो. घर दात्या स्त्रीचे, बिऱ्हाड आई-वडिलांचे. हे बिऱ्हाड हलवताना जुन्या घरातील थोडी माती चिकटून येतेच. म्हणजे आईचे काही सदोष मायटोकॉन्ड्रियाही नव्या गर्भात शिरतात. सारा वाद या मातीभोवती फिरतो.

न्यूकॅसलचे आकडे या कसोटीवर चांगले आहेत. सहा नवजात बालकांत सदोष डीएनएचे प्रमाण आईच्या मूळ बीजाच्या तुलनेत ९५ ते १०० टक्क्यांनी, तर दोघांत ७७ ते ८८ टक्क्यांनी घटलेले आढळले. आजाराचा उंबरठा ६० टक्क्यांच्या वर असल्याने १६ टक्के हा आकडा सुरक्षित पट्ट्यात मोडतो. पण ही पद्धत दोष ‘समूळ काढून टाकते’ असे म्हणता येत नाही. ती जोखीम कमी करते, आणि न्यूकॅसलच्या गटानेही आपल्या निबंधात तोच सावध शब्द वापरला आहे.

सावधगिरीला कारणही आहे. ग्रीस आणि स्पेनच्या संशोधकांनी याच्याशी मिळतीजुळती पद्धत आजारासाठी नव्हे, तर वारंवार अपयशी ठरलेल्या वंध्यत्वाच्या उपचारांसाठी वापरून पाहिली. त्यातून जन्मलेल्या सहापैकी एका बालकात आईकडील मायटोकॉन्ड्रियल डीएनए ३० ते ६० टक्क्यांपर्यंत परतल्याचे त्यांनी २०२३ मध्ये नोंदवले. त्या आईचा डीएनए निरोगी होता, म्हणून बालकाला धोका नव्हता. हेच न्यूकॅसलमध्ये घडते तर? जुन्या घराची चिमूटभर माती काही वेळा पुन्हा सारे अंगण का व्यापते, याचे पक्के उत्तर विज्ञानाजवळ अद्याप नाही.

यशाचे प्रमाणही पाहायला हवे. २२ स्त्रियांवर ही प्रक्रिया सुरू झाली आणि त्यांपैकी आठ जणींना, म्हणजे सुमारे ३६ टक्के स्त्रियांना, दिवस गेले. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा सात जणींची बाळंतपणे झाली होती आणि एकीची व्हायची होती. उरलेल्या चौदा जणींची कहाणी कोणत्याही मथळ्यात आली नाही. दोन बालकांच्या प्रकृतीच्या तक्रारींची नोंद निबंधात आहे. एकाच्या रक्तात चरबीचे प्रमाण वाढले होते आणि हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता होती, ती उपचारांनी आटोक्यात आली. दुसऱ्याला आलेले झटके आपोआप थांबले. या तक्रारींचा संबंध पद्धतीशी असल्याचे संशोधकांना वाटत नाही. आठ ही संख्या मात्र होकार किंवा नकार ठामपणे देण्याइतकी मोठी नाही.

घाई आणि सबुरी

या पद्धतीचा राजकीय इतिहास तिच्या शास्त्राइतकाच उद्बोधक आहे. ब्रिटनने आधी अनेक वर्षे शास्त्रीय परीक्षणे आणि जनसुनावण्या घेतल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ३८२ विरुद्ध १२८ आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने २८० विरुद्ध ४८ मतांनी परवानगी दिली. त्यानंतरही न्यूकॅसलला परवाना मिळायला मार्च २०१७ उजाडले आणि प्रत्येक स्त्रीच्या अर्जावर नियामक संस्थेने स्वतंत्र निर्णय घ्यायचा असे ठरले. जुलै २०२५ पर्यंत अशा ३५ स्त्रियांना मंजुरी मिळाली होती.

दरम्यान इतरांना धीर नव्हता. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन झांग यांनी अमेरिकेतील निर्बंध टाळून मेक्सिकोत काम पुरे केले आणि २०१६ मध्ये जॉर्डनच्या एका दांपत्याला मुलगा झाल्याचे जाहीर केले. युक्रेनमध्ये वंध्यत्वावरील उपाय म्हणून ही पद्धत विकली जाऊ लागली. पहिलेपणाचा मान ब्रिटनला मिळाला नाही. पण आज बालकांच्या रक्तातील टक्केवारी, अपयशी ठरलेल्या स्त्रियांची संख्या आणि पुढील तपासण्यांचे वेळापत्रक ज्याच्याकडे मागता येते, असा कार्यक्रम ब्रिटनचाच आहे. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२२ मध्ये कायदा केला तोही ब्रिटनचाच कित्ता गिरवून.

न्यूकॅसलच्या बाजूने सगळेच बोलता येणार नाही. परवाना मिळाल्यानंतर आठ वर्षे या कार्यक्रमाने तपशील बाहेर येऊ दिला नाही. पाचपेक्षा कमी बालके जन्मल्याची पहिली त्रोटक माहिती मे २०२३ मध्ये बाहेर आली, तीही ‘गार्डियन’ वृत्तपत्राने माहितीच्या अधिकाराखाली नियामक संस्थेकडे विचारणा केली म्हणून. कुटुंबांची गोपनीयता जपायची हे मान्य. परंतु ज्या प्रयोगाला संसदेने, म्हणजे जनतेने, परवानगी दिली त्याचे आकडे तरी जनतेला वेळेवर मिळायला हवे होते.

‘तिसरा पालक’ या शब्दाचाही निकाल ब्रिटिश कायद्याने लावलेला आहे. मायटोकॉन्ड्रिया देणाऱ्या स्त्रीला मुलाची पालक मानले जात नाही. सोळा वर्षांचे झाल्यावर मुलाला तिच्याविषयी काही माहिती मिळू शकते, पण ओळख पटेल अशी नव्हे. नेहमीच्या स्त्रीबीजदानात अठराव्या वर्षी दात्रीचे नावही कळू शकते. माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांपुढे ३७ जनुकांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि रूप किंवा स्वभाव त्यांतून उतरत नाही, हा यामागील विचार.

जे आज आजारी आहेत त्यांचे काय?

ही पद्धत भावी मुलांसाठी आहे. जन्मलेल्या एकाही रुग्णाला तिचा उपयोग नाही. शिवाय केंद्रकातील जनुकांच्या चुकीने होणारे मायटोकॉन्ड्रियाचे आजारही तिने टळत नाहीत. २०१७ मध्ये ज्याच्या उपचारांवरून ब्रिटनमधील न्यायालयांत लढा झाला आणि पोपपासून अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत सर्वांनी ज्यावर मत दिले, त्या चार्ली गार्ड या तान्ह्याचा आजार याच प्रकारचा होता.

औषधांच्या आघाडीवर चित्र दीर्घकाळ निराशेचे होते. कोणत्याही उपायाच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा नाही, असा निष्कर्ष कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या परीक्षणाने काढला होता. ‘मायटोकॉन्ड्रियाला ताकद’ देण्याच्या नावाखाली गोळ्यांचे डबे विकणाऱ्यांनी तो वाचलेला दिसत नाही. अलीकडे मात्र दोन दारे किलकिली झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये बार्थ सिंड्रोम या हृदय व स्नायूंच्या आजारासाठी एलामिप्रेटाइडला वेगवान मंजुरी दिली. तेच औषध त्याच वर्षी मे महिन्यात नाकारण्यात आले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये टीके-२ या विकराच्या कमतरतेवरील औषधही संमत झाले. दोन्ही आजार अतिशय दुर्मीळ आणि दोन्ही केंद्रकातील जनुकांचे. मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतील अक्षर जागेवर दुरुस्त करणारे साधन डेव्हिड लिऊ आणि जोसेफ मूगस यांच्या गटांनी २०२० मध्ये तयार केले, ते अद्याप प्रयोगशाळेतच आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने अधिक निकडीचा धागा कदाचित वेगळाच आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या १५५५ व्या अक्षरात विशिष्ट बदल असलेल्यांना जेंटामायसिन वर्गातील प्रतिजैविकांनी कायमचे बहिरेपण येऊ शकते. ब्रिटनमध्ये साधारण पाचशेंत एकाला हा बदल असतो. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी गालाच्या आतील बाजूवर कापसाचा बोळा फिरवून २६ मिनिटांत निदान करणारी चाचणी तयार केली आणि अतिदक्षता विभागातील नवजात बालकांवर ती व्यवहार्य असल्याचे २०२२ मध्ये दाखवून दिले. या वर्गातील औषधे आपल्याकडील नवजात विभागांत सर्रास वापरली जातात. अशी चाचणी आपल्याकडे परवडणाऱ्या दरात आणणे हे गर्भाच्या केंद्रकांची अदलाबदल करण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

त्या अदलाबदलीविषयी बोलायचे तर आपल्याकडे वाट बिकट आहे. स्टेम सेल संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या जनुकीय उपचारांना मनाई आहे; मायटोकॉन्ड्रिया-दान त्यात मोडते की नाही, हे आधी कुणीतरी ठरवावे लागेल. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे २३ ते ३५ वर्षे वयाची स्त्री आयुष्यात एकदाच स्त्रीबीजे देऊ शकते आणि त्या वेळी सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. दात्या स्त्रियांचे शोषण थांबवण्यासाठी घातलेली ही मर्यादा योग्यच आहे. पण ज्या पद्धतीत प्रत्येक गर्भामागे दात्रीचे एक फलित बीज खर्ची पडते आणि २२ जणींमागे आठ जणींनाच दिवस जातात, तिचे गणित सात बीजांत बसवणे अवघड. आज अशा भारतीय स्त्रीपुढे पूर्णपणे दान केलेले स्त्रीबीज स्वीकारणे, दत्तक घेणे किंवा तपासणी करून गर्भ निवडणे एवढेच मार्ग आहेत, आणि तेही तिच्या आजाराचे नाव वेळेवर कळले तर.

न्यूकॅसलमधील सर्वात मोठे मूल निबंध प्रसिद्ध झाला त्या वेळी दोन वर्षांहून थोडे अधिक वयाचे होते. या बालकांची पाचव्या वर्षापर्यंत तपासणी करण्याची योजना आहे. आठांतील चार मुलगे आपला मायटोकॉन्ड्रियल डीएनए कुणालाच देणार नाहीत, त्यांच्यापुरता हा प्रश्न त्यांच्याच प्रकृतीचा. चार मुलींचे तसे नाही. ज्या मुलीत आईकडील सदोष प्रती थोड्या जरी शिरल्या असतील, तिच्या स्त्रीबीजांत त्यांचे प्रमाण किती उतरले आहे हे रक्ताच्या तपासणीतून सांगता येत नाही. ते कळेल तिला स्वतःला मूल हवेसे वाटेल तेव्हा, म्हणजे आणखी वीस-पंचवीस वर्षांनी.